गुणाकार केलास की अंदाज बांधलास?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘संगणक क्षेत्रातील वाटचाल’ असं छापलं आहे. संयोजकांची क्षमा मागून सांगते, ती वाटचाल दोन वाक्यांत संपते. गिरीजहून वसई स्टेशन, तिथून लोकल, इंजिनिअरिंगची पदवी, आणि गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी. उरलेल्या वेळात मला एका संख्येबद्दल बोलायचं आहे. ती याच शाळेत, आठवीच्या वर्गात, बाईंनी फळ्यावर काढली होती. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे जरा जपून बोलावं लागणार.

संख्या ही अशी:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त स्थानांची नावं एकापासून सुरू होऊन परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपल्या संख्येचा पहिला एक परार्धाच्या एकच घर अलीकडे, ‘मध्य’ नावाच्या स्थानावर बसतो. कोटीच्या भाषेत म्हणायचं तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस. दम लागतो ना? बाईंनी आम्हाला हे एका दमात म्हणायला लावलं होतं.

तो दिवस जुलैचा होता. रस्त्यावर पाणी, एसटीचा पत्ता नाही, वर्गात निम्मी मुलं. दोन तुकड्या एकत्र बसवलेल्या. पाठीमागे छत्र्या गळत होत्या. अशा दिवशी धडा पुढे नेण्यात अर्थ नसतो, म्हणून बाईंनी फळ्यावर लिहिलं: १ × १ = १. मग ११ × ११ = १२१. मग १११ × १११ = १२३२१. आणि म्हणाल्या, “पुढचं सांगा.”

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “१२३४३२१!” बरोबर होतं. बाई म्हणाल्या, “छान. आता नऊ वेळा एक लिहा, आणि त्याला त्यानंच गुणा. चौकटीच्या वहीत. तोंडी नको.”

आम्ही गुणायला बसलो. गुणाकार एकाचाच, त्यामुळे पाढे लागत नाहीत. १११११११११ ही संख्या नऊ वेळा एकाखाली एक लिहायची, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. चौकटीच्या वहीत ती तिरकी पायऱ्यांसारखी दिसते. आता उभी बेरीज करा. एककाच्या घरात एकच एक. दशकाच्या घरात दोन. पुढे तीन, चार, असं करत मधल्या घरात नऊ एक जमतात, कारण तिथे नऊच्या नऊ ओळी असतात. त्यापुढे उजवीकडून एकेक ओळ संपत जाते, म्हणून आठ, सात, सहा, असं उतरत शेवटी पुन्हा एक. हिरा डोंगरी चढावी आणि पलीकडून उतरावी, तशी ही संख्या. कुठल्याच घरात नऊच्या वर बेरीज जात नाही, म्हणून हातचा कधीच येत नाही. एवढंच तिचं रहस्य आहे. ज्यानं त्या पायऱ्या स्वतः लिहिल्या, त्याला ते पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

मी हुशार समजली जायचे. घंटा झाल्यावर मी बाईंना विचारलं, “बाई, दहा एक घेतले तर?” बाई म्हणाल्या, “करून आण.”

दुसऱ्या दिवशी मी वही पुढे केली. उत्तर लिहिलं होतं: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. नऊपर्यंत चढलो, आता दहापर्यंत चढू आणि उतरू. दिसायला किती देखणं! बाईंनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि विचारलं, “गुणाकार केलास, की अंदाज बांधलास?”

मी काही बोलले नाही. बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि सगळ्यांसमोर दहा ओळी लिहायला लावल्या. मधल्या घरात दहा एक जमले. दहा एका घरात मावत नाहीत. शून्य लिहायचं आणि हातचा एक. शेजारच्या घरात नऊ होते, हातच्यानं तेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्या पुढच्या घरातले आठ नऊ झाले आणि तिथे गाडी थांबली. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब, शिखरावर दोन शून्यं. नऊ वेळा खरा ठरलेला नियम दहाव्या वेळी मोडला होता. ती मोडण्याची जागा बेरीज करणाऱ्याला आधीच दिसत होती. मला दिसली नाही, कारण मी बेरीज केलीच नव्हती.

आता या संख्येची थोडी ओळख करून देते. ती कशाकशानं भागली जाते, हे पाहण्यासारखं आहे.

१११११११११ मधल्या अंकांची बेरीज नऊ, म्हणजे तिला नऊनं भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९. इथेही आठ गायब आहे, पाहिलंत? १११ म्हणजे ३ × ३७, हे आपल्याला ठाऊक आहे. १११११११११ म्हणजे १११ × १००१००१. आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७, जिथे ३३३६६७ ही मूळसंख्या आहे. म्हणून १११११११११ चे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७. आपली मोठी संख्या तिचा वर्ग असल्यामुळे हेच अवयव तिच्यात दोनदोनदा येतात. एवढ्या अजस्र संख्येत तीनच वेगवेगळ्या मूळसंख्या! त्यांच्या जुळण्या मोजल्या तर तिला भाग जाणाऱ्या संख्या एकूण पंचेचाळीस निघतात. पंचेचाळीस विषम आहे, आणि वर्गसंख्येचे विभाजक नेहमी विषमच असतात, कारण प्रत्येक विभाजकाला जोडीदार मिळतो, फक्त वर्गमूळ एकटं उरतं.

तिच्या अंकांची बेरीज करा. एक ते नऊ आणि परत एकपर्यंत: एक्याऐंशी. एक्याऐंशी हा नऊचा वर्ग. आणि एक्याऐंशीनं तिला नि:शेष भाग जातो. उत्तर १२३४५६७९ चा वर्ग, म्हणजे १५२४१५७८९९७१०४१. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भागली जाते, तिला ‘हर्षद’ संख्या म्हणतात. हर्ष देणारी. हे नाव कुठल्या परदेशी पुस्तकातून आलेलं नाही. ते एका मराठी शाळामास्तरांनी ठेवलं, आणि आपल्या या संख्येच्या घराण्यालाही त्यांनीच नाव दिलं.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, म्हणजे आजच्या हिशोबानं कापरेकर आपल्याच जिल्ह्याचे. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक त्यांना मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले. त्यापुढे पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते. वर्ग सुटला की संख्यांशी खेळायचे, आणि जे सापडेल ते छोट्या पुस्तिकांमधून छापायचे. अनेक विद्वानांना ती किरकोळ करमणूक वाटायची. ‘गणितानंद’ हे त्यांचं टोपणनाव.

एकदा डोंबिवली स्थानकात त्यांच्या डोक्यात संख्यांचा एक प्रकार आला. उदाहरणार्थ १६५. दोन टोकांचे एक आणि पाच मिळवले की मधला सहा येतो. २५५३ मध्ये टोकांचे दोन आणि तीन मिळवले की पाच, आणि मध्ये तेच पाच. स्थानकाच्या नावावरून त्यांनी या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं, आणि त्यातल्या १, १२१, १२३२१ या चढत्या-उतरत्या घराण्याला ‘अद्भुत डेम्लो संख्या’. आपली सतरा अंकी संख्या त्या घराण्यातली नववी. पडताळा घ्या: मधला नऊ बाजूला ठेवा, डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवा. येतात ९९९९९९९९, आठही नऊ. मधे नऊ, बेरजेतही सगळे नऊ.

वसई रोडहून दिव्याची गाडी धरली तर जुचंद्र, कामण, खारबाव, भिवंडी करत कोपरला उतरता येतं, आणि कोपरच्या पुढचं स्टेशन डोंबिवली. त्या फलाटावर मी कितीदा तरी गाडीची वाट पाहत उभी राहिले आहे. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त एवढंच असायचं की डबा रिकामा येईल का.

कापरेकरांचं नाव जगभर पोचलं ते ६१७४ मुळे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा, आणि पुन्हा तेच करत राहा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथेच राहते. आपल्या तुकडीचं साल घ्या: १९९६. ९९६१ वजा १६९९. पुढचं तुम्ही करा. पाचव्या वजाबाकीला ६१७४ येईल. अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं, तोवर कापरेकर सत्तरीला पोचले होते. १९८६ साली ते गेले, तेव्हा आपण पाच-सहा वर्षांचे होतो.

त्यांच्या नावाच्या ‘कापरेकर संख्या’ही आहेत. संख्येचा वर्ग करा, त्याचे दोन तुकडे करा, मिळवा, आणि मूळ संख्या परत आली पाहिजे. ४५ चा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस मिळून ४५. आता आपल्या मोठ्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं, एक्याऐंशीनं गुणा. नऊ वेळा नऊ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग मिळतो: ९९९९९९९९८००००००००१. त्याचे दोन तुकडे मिळवा, ९९९९९९९९८ अधिक १. पुन्हा नऊ नऊ. म्हणजे डेम्लो, हर्षद आणि कापरेकर, या मास्तरांनी उघडलेली तिन्ही घरं या एका संख्येपाशी येऊन मिळतात.

आता माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगते. तो अभिमानाचा नाही.

बरीच वर्षं झाली. मी ज्या कंपनीत होते तिथे लोकांचे पैसे परत करण्याचं मोठं काम चाललं होतं. प्रत्येक पावतीला सतरा अंकी क्रमांक. यादी एकीकडून दुसरीकडे नेताना ती स्प्रेडशीटमध्ये उघडून नीटनेटकी करण्याचं काम माझं होतं, आणि मी ते केलं. मग तक्रारींचे फोन वाढले, म्हणून आम्हा इंजिनिअरनाही आठवडाभर फोनवर बसवलं. एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. त्यांनी क्रमांक एकेक अंक करून वाचला. मी यादीत शोधला, नव्हता. म्हटलं, “काका, क्रमांक चुकला असेल, पावती नीट बघा.” दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “ताई, मी पोस्टात नोकरी केली आहे. अंक वाचताना माझी चूक होत नाही. तुम्ही तुमची यादी बघा.”

त्या रात्री मी यादी बघितली. क्रमांकामागून क्रमांक, सगळ्यांच्या शेवटी दोन शून्यं. इतक्या पावत्या अशा कशा असतील? मी कोरी स्प्रेडशीट उघडली आणि मला पाठ असलेला एकमेव सतरा अंकी आकडा टाकला, बाईंचा. एंटर दाबलं. समोर आलं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे एकवीस पुसले गेले होते. स्प्रेडशीट संख्येचे पंधराच अंक सांभाळते, पुढच्या जागी शून्यं भरते. तिनं काहीही न बोलता प्रत्येक क्रमांकाची शेपटी कापली होती. क्रमांक मजकूर म्हणून ठेवायला हवे होते, मी ते संख्या म्हणून उघडले आणि जतन केले. काकांचा क्रमांक बरोबर होता. माझी यादी चूक होती, आणि मी तीन दिवस त्यांना चूक ठरवत होते.

मूळ यादी शाबूत होती, त्यामुळे दुरुस्ती झाली. मी काकांना फोन करून सांगितलं की चूक आमची होती. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “ज्यांनी तिसऱ्यांदा फोन केला नाही, त्यांचं काय?”

त्या सगळ्यांना शोधून पैसे पोचवायला आम्हाला नऊ दिवस लागले. नऊही दिवस माझ्या कानात बाईंचा प्रश्न होता. यादी मी उघडून पाहिली होती, ती दिसायला नीट होती, म्हणून ती बरोबर असणार असा मी अंदाज बांधला होता. मोजून पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. नवीन कोणतीही प्रणाली हातात आली की आधी ही संख्या तिच्यात टाकते. जावासारख्या भाषेत साध्या बत्तीस बिटांच्या घरात नऊ एकांचा वर्ग करा. उत्तर येतं १६५३७३२५२९. आपल्या संख्येशी त्याचं दिसायला काहीच नातं नाही, कारण घर लहान आहे आणि वरचा भाग सांडून गेला. चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. जावास्क्रिप्ट उत्तर देतं १२३४५६७८९८७६५४३२०. एकच कमी! तिथे संख्या नेमकी साठवायला त्रेपन्न बिटांची जागा आहे. दोनचा त्रेपन्नावा घात ९००७१९९२५४७४०९९२, सोळा अंकी. त्याच्या थोडं पुढे, आपल्या संख्येच्या टप्प्यात, फक्त सम संख्या मावतात. तराजूला दोन किलोपेक्षा लहान वजनच नसलं, तर विषम किलोची भाजी मोजायची कशी? आपली संख्या विषम, म्हणून तिला शेजारच्या सम संख्येवर नेऊन बसवतात. पायथन मात्र सतराही अंक नीट देतं, कारण त्याचं घर गरजेप्रमाणे वाढतं.

बत्तीस बिटांचं घर, स्प्रेडशीट आणि जावास्क्रिप्ट, तीन ठिकाणी तीन चुकीची उत्तरं, आणि तिन्ही सारख्याच आत्मविश्वासानं. त्यातलं मला सगळ्यात भीतीदायक वाटतं ते एकनं चुकणारं. १६५३७३२५२९ पाहिलं की कुणीही थबकेल. शेवटी ३२० पाहून कोण थांबतं? ज्याला आठवतं की ही संख्या उलटसुलट सारखीच वाचली पाहिजे आणि तिच्या अंकांची बेरीज एक्याऐंशी आली पाहिजे, तोच थांबतो. संख्येचे गुणधर्म माहीत असण्याचा उपयोग काय, असं माझी मुलगी विचारते. मी तिला सांगते, चोर ओळखायला घरातली माणसं ओळखीची असावी लागतात.

आज मुलं फोनला विचारतात आणि फोन क्षणात, गोड भाषेत उत्तर देतो. त्याला माझा विरोध नाही, माझं पोट त्याच धंद्यावर आहे. फक्त त्याला बाईंचा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना असायला हवी. आणि ज्यानं स्वतः कधी गुणाकार केलेला नाही, त्याला तो प्रश्न विचारायचं सुचणार नाही.

आपल्या तुकडीनं शाळेला डिजिटल फळा भेट दिला आहे, त्याचा मलाही आनंद आहे. आजच्या शिक्षकांना माझी एकच विनंती. पावसाळ्यात असा एक दिवस येतोच, रस्त्यावर पाणी आणि निम्मा वर्ग रिकामा. त्या दिवशी तो फळा बंद ठेवा, आठवीच्या मुलांना चौकटीच्या वह्या काढायला लावा, आणि नऊ वेळा एक लिहायला सांगा. मग एखादी आगाऊ मुलगी विचारेलच, “दहा घेतले तर?” तिला उत्तर सांगू नका. करून आणायला सांगा.

बाई, आज सकाळी इथे यायला निघण्याआधी मी वही काढून हा गुणाकार पुन्हा केला. नऊ ओळी लिहिल्या, उभ्या बेरजा केल्या, आणि मगच या कागदावर उत्तर उतरवलं. वही सोबत आणली आहे. जेवणाच्या सुट्टीत तपासून द्याल का?